पाखऱ्याला 'तुम्ही' म्हटले त्याची हकिगत

मुक्काम इंझोरी
चैत्र वद्य पंचमी, सन १९५८

राजमान्य राजेश्री दौलतराव यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा उकंडराव याचा, उजव्या हाताने लिहीत आणि डाव्या हाताने पाठ खाजवीत केलेला, रामराम. (पाठ का खाजते ते पुढे येईल. त्यात तुमचाच हात आहे.) येथे आम्ही उभयता, दोन्ही बैल, म्हैस, कोंबड्या आणि कुत्रा असे सर्व खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवावी. तुम्हाला पित्ताचा त्रास होतो असे मागे लिहिले होते. तो कापसाच्या जिनिंगमधल्या खुर्चीवर दिवसभर बसून होत असेल, पण तुमच्या बहिणीचे, धुरपताबाईचे, म्हणणे असे की माणूस बोलायचे ते गिळत राहिला की पित्त व्हायचेच. हे तिचे मत आहे, माझे नाही. माझे मत पुढे येईल आणि ते लांब आहे, तेव्हा पाणी पिऊन, भिंतीला टेकून वाचावे.

तुमचे कार्ड मिळाले. त्यात तुम्ही विचारता की गफ्फारभाई पोहरादेवीहून कारंज्याला परत आले ते बैल न घेता, बैल बांधायला नेलेले नवे दावेही बरोबर नाही, आणि विचारले तर नुसते हसतात, हा काय प्रकार आहे. दौलतराव, प्रकार फार मोठा आहे. तुम्ही हेडकारकून, तुम्हाला मागचा कागद जोडल्याशिवाय पुढचा समजत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. यातले काही तुम्हाला ठाऊक आहे, पण ते माझ्याकडून ऐकलेले बरे.

संक्रांतीला तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा अंगात तो काळा लोकरीचा कोट होता. आमच्या कुत्र्याने तुम्हाला दारातच अडवले. हा कुत्रा पिल्लू असल्यापासून तुमच्या हातची भाकर खातो, पण तुम्ही त्याला 'अरे, बाजूला हो पाहू' असे म्हणालात आणि त्याने तुमच्या धोतराचा सोगा धरला. आम्ही त्याला मारले. (आता वाटते की उगाच मारले.) मग तुम्ही गोठ्यात गेलात. पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला लागलात तर त्याने शिंग पुढे केले आणि तुम्हाला शेणात मागे सरावे लागले. तुम्ही तिथेच निकाल दिलात की बैल म्हातारा झाला, अडेल झाला, त्याला कारंज्याच्या बाजारी काढा, गफ्फारभाई बेपाऱ्याला मी सांगतो. धुरपताबाईने तिळगुळाची ताटली खाली ठेवली आणि ती उठून गोठ्यात गेली, हे तुम्ही पाहिले नाही. मी पाहिले. पाखऱ्या हा तुमच्याच घरून तिला आंदण मिळालेल्या गवरी गाईचा गोऱ्हा. तो दहा दिवसांचा असताना गवरी गेली आणि तुमच्या बहिणीने त्याला ज्वारीची पेज पाजून, स्वतःची बोटे चोखायला देऊन वाढवला. तो बाजारात उभा राहणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे होते. पण मी पडलो जावई. जावयाच्या तोऱ्यात मी दारातल्या कडुनिंबाखाली बसलेल्या पाच माणसांदेखत बोलून गेलो की रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत सरकारी जनावरांचे प्रदर्शन आहे, तिथे बैलजोडीची परीक्षा होणार आहे, पाखऱ्या त्यात अडला तर गफ्फारभाईंनी त्याला मैदानातूनच घेऊन जावे. शब्द तोंडातून गेला तेव्हा छान वाटला. रात्री जेवण मात्र गेले नाही.

तुम्ही मोठ्या मनाचे, लगेच मदतीला धावलात. परीक्षा घेणारे साहेब पुण्याकडचे आहेत, दीड वर्षापूर्वी आपण मुंबई राज्यात गेल्यापासून तिकडचे साहेब येऊ लागले आहेत, त्यांच्यापुढे 'मले-तुले' केले तर ते आपल्याला गावंढळ समजतील आणि बैलाकडे पाहणारसुद्धा नाहीत, असे तुमचे म्हणणे. 'मला' म्हणा, 'तुला' म्हणा, कशापुढेही 'बाप्पा' जोडू नका, उभे राहताना पोटरी पायाने खाजवू नका. आणि जाताना अंगातला कोट काढून माझ्या अंगात घातलात. तुमचे उपकार मी विसरलो नाही. पाठीवर आहेत.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात काय चालले हे कारंज्यात बसून तुम्हाला कळायचे नाही. मी रोज जेवताना 'मला आणखी एक भाकरी हवी आहे' असे म्हणू लागलो आणि भाकर येईना. धुरपताबाई इकडेतिकडे पाहून विचारी, "कोनाले पाह्यजे?" मी म्हणे, मला. ती म्हणे, "तुमी उपाशी राह्यले तरी चालंन, पन असं बोलू नोका. मले वाटते घरात तहसिलीतला मानूस येऊन बसला." आठ दिवसांनी तिने शेजारच्या नानीबाईला बोलावले. नानीबाईने माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मिरच्या जाळल्या, आणि ठसका लागून मी 'अरे माय व' असे ओरडलो तेव्हा दोघींना फार बरे वाटले. पण मी खंबीर राहिलो. शेत वखरताना बांधावरच्या बाभळीशी शुद्ध बोलत असे. बाभळीने कधी हरकत घेतली नाही. चूक एकच झाली, की बैलांशी मात्र मी आपला नेहमीसारखा बोलत राहिलो, कारण बैलांशी बोलतो आहोत हे कोणाच्या ध्यानात राहते?

रामनवमीला पहाटेच बंडी जुंपली, मागे धुरपताबाई आणि नानीबाई बसल्या. पोहरादेवीला पोचेस्तोवर ऊन असे झाले की सावलीसुद्धा सावली शोधत होती, आणि मी लोकरीच्या कोटात. पाठीवर घामोळ्या तिथेच फुटल्या. यात्रेची गर्दी, पाळणे, रेवड्या, बांगड्यांची दुकाने, आणि मैदानाच्या कडेला गफ्फारभाई, खांद्यावर नवेकोरे दावे. मला कोटात पाहून त्यांनी आधी साहेब समजून सलाम केला, मग ओळखले आणि तो सलाम परत घेतला. पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवून हळूच म्हणाले, "उकंडराव, सौदा तं सौदा हाय. पन मी दुवा मांगून राह्यलो का हे दावं मले खालीच वापस न्या लागो." मला त्यांच्याकडे बघवेना.

परीक्षा अशी होती. सरकीची पोती भरलेली बंडी हाकत न्यायची, मैदानातल्या खांबाला वळसा घालायचा, परत येऊन दोन पोत्यांच्या मधल्या जागेत बंडी उलटी, मागे मागे सारत बसवायची. पोत्याला चाक लागले की संपले. हातात तुतारी नाही, म्हणजे ती टोकाला आर लावलेली काठी नाही, शेपटीला हात नाही, नुसते तोंडाने. वेळ पाच मिनिटे. साहेब पांढऱ्या पँटीत, काळा चष्मा लावून, हातात घड्याळ धरून उभे होते आणि रेडिओ बोलतो तसे बोलत होते. आमच्या आधी तांड्यावरचा मोहनसिंग होता. त्याचे बैल देखणे, वळसाही चांगला घातला, पण मागे सरताना चाक पोत्याला घासले. मग आमची पाळी आली.

साहेबांनी नाव विचारले, मी शुद्ध सांगितले. गाव विचारले, तेही शुद्ध. बैलांची वये विचारली तर मी 'अंदाजे' असा शब्द वापरला. साहेबांनी मान हलवली. दौलतराव, त्या मान हलवण्याने माझे डोके फिरले. मी इतका रंगात आलो की तसाच वळलो आणि बैलाला म्हणालो, "पाखऱ्या, आता आपण पुढे चला."

मी पाखऱ्याला 'तुम्ही' म्हटले. त्याच्या जन्मात त्याला कोणी 'तुम्ही' म्हटले नव्हते. त्याने कान टवकारले, मान वर केली आणि तो माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहू लागला. मग डावीकडे. मग उजवीकडे. जोडीतल्या चांद्याचे तुम्हाला ठाऊकच आहे, त्याला स्वतःची अक्कल नाही, पाखऱ्या करतो ते तो करतो. तोही पाहू लागला. मी म्हणालो, "कृपा करून चला ना." लोक हसायला लागले. कोणीतरी मागून म्हणाले, "बैलाले लेखी अर्ज दे बे." मोहनसिंग तेवढा हसला नाही, त्याला बैल कळतात. एक मिनिट गेले, दोन गेली. साहेब घड्याळाकडे पाहत होते. गफ्फारभाईंनी खांद्यावरचे दावे उतरवून हातात घेतले आणि ते खाली मातीकडे पाहत उभे राहिले. बायकांच्या घोळक्यात धुरपताबाई पदराचे टोक दातांत धरून उभी होती, आणि ती बैलाकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

तेव्हा मला कळले की पाखऱ्या काय पाहतो आहे. तो मला शोधत होता. मी त्याच्या तोंडासमोर तीन हातांवर उभा होतो, आणि तो मला गर्दीत शोधत होता. त्याच्या पुढे उभा होता तो डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा, काळ्या अंगाचा, रेडिओसारखा बोलणारा कोणी इसम. त्याचे ऐकायचे कशाला? तो अडला नव्हता, दौलतराव. तो माझी वाट पाहत होता. मला बैलाचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ असा संताप आला की मी तुमचा कोट अंगातून ओढून काढला आणि लांब भिरकावला. मग जे तोंडात आले ते आले.

"काहून बे पाखऱ्या, आंधया झाला काय? मीच हाव न तुह्या म्होरं. चाल माह्या राज्या, चाल बाप्पा, घरी जाचं हाय आपल्याले."

पाखऱ्याने नाकातून असा श्वास सोडला की पायाखालची माती उडाली. इतका वेळ कुठे होतास, असे त्याला म्हणायचे असावे. मग त्याने जुवाला खांदा दिला. पुढचे मी लिहू शकत नाही, कारण लिहायला लागलो तर तुम्हाला वाटेल मी वाढवतो आहे. खांबाला वळसा घातला तो अंगणातल्या तुळशीला घालावा तसा. आणि मागे सरताना मी नुसता 'मांगं, मांगं, हाव, हाव' म्हणत होतो आणि ते दोघे एकेक पाऊल मोजून मागे येत होते, जसे दर पावसाळ्यात आमच्या अरुंद बोळातून येतात. दोन्ही चाकांच्या बाजूला चार चार बोटे जागा उरली. मोहनसिंगने स्वतः बोटे घालून पाहिली आणि पागोटे काढून पाखऱ्याच्या पाठीवर ठेवले. बायकांत धुरपताबाई रडत होती आणि नानीबाई तिच्या वतीने सगळ्यांना सांगत होती की हा मिरच्यांचा गुण आहे.

पण खरी गंमत यापुढे आहे. साहेब वहीत लिहायला जवळ आले. पाखऱ्याला घामाच्या मिठाचा नाद आहे. त्याने जीभ काढली आणि साहेबांना कोपरापासून कानापर्यंत एका दमात चाटले. काळा चष्मा गेला, वही गेली, आणि साहेबांच्या तोंडून निघाले, "आरं आरं, धरा की रं त्याला, खातंय का काय मला." साहेबांना आपण काय बोललो ते कळले आणि ते कानापर्यंत लाल झाले. मग पाखऱ्याकडे पाहून हसायलाच लागले. म्हणाले, त्यांच्या आबांचा बैल बी असाच चाटायचा. साहेब निघाले साताऱ्याकडच्या खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे, आणि दहा वर्षांत कोणापुढे असे बोलले नव्हते. त्यानंतर अर्धा तास ते त्यांच्या बोलीत आणि मी माझ्या बोलीत बोलत होतो, आणि एकही शब्द अडला नाही. एकमेकांचे जे समजले नव्हते ते आधी शुद्धात बोललेले तेवढेच.

पहिला नंबर आमचा. पाखऱ्याला घुंगरमाळ, मला पटका आणि शिक्क्याचा कागद. कागदावर शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे की मालकाची भाषा बैलास उत्तम समजते. तो कागद मी देवाच्या फोटोशेजारी लावला आहे, तुम्ही याल तेव्हा दोन्हींना नमस्कार करावा. आणि गफ्फारभाई आले, नवे दावे पाखऱ्याच्या गळ्यात घातले, आणि मी मध्ये पडणार तोच त्याचे टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे आता याचंच व्हय. घरच्या खुट्याले बांधा." म्हणून ते कारंज्याला रिकाम्या हाताने आले. ते हसतात ते बरोबर हसतात.

परत येताना बंडीत मी विचार केला, आणि तो तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आमची कोंबडी अंडे देते आणि सगळ्या आळीला ओरडून सांगते. 'माझ्याकडून एक अंडे झाले असावे' असे ती म्हणत नाही. आमच्या म्हशीला ठाऊक आहे की लोक पूजा गाईची करतात, तरी तिने आजवर कधी गाय असल्याचा आव आणला नाही. ती चिखलात बसते आणि दूध देते, दोन्ही मनापासून. कुत्र्याला ज्याचा आवाज खोटा वाटला त्याचा सोगा त्याने धरला, मग तो मालकाचा साळा असो. आणि आम्ही माणसे? मी एकटा तीन उकंडराव बाळगून होतो, एक साहेबापुढचा, एक पाच माणसांपुढचा आणि एक बैलापुढचा, आणि त्यांतला एकच असा होता की ज्याच्या हाकेला कोणी धावून येईल. हे मला बैलाने शिकवले, आणि तेही एक शब्द न बोलता, अडीच मिनिटांत. (तुम्हाला मला बिघडवायला दोन महिने लागले.) आता तुम्ही विचाराल की मग हे पत्र शुद्धात का लिहिले. तर पत्राला बंडी ओढायची नसते.

घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद, आणि तुमच्या जिनिंगच्या मालकाला या दोहोंपैकी जे चालत असेल ते.

तुमचा,
उकंडराव (एकच)

ता. क. कोटाबद्दल लिहायचे राहिले. मी तो भिरकावला तो खांबाजवळ पडला, आणि मी साहेबांशी बोलत असताना बैल नेमके तिथेच उभे होते. चांद्याने आयुष्यात स्वतःच्या अकलेने केलेले हे पहिले काम. कॉलर आणि डावी बाही पूर्ण गेली, उजवी अर्धी आहे. तीन बटणे दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली, धुऊन ठेवली आहेत, कुठे मिळाली ते विचारू नये. सबब कोट परत मागू नये, ही या पत्राची मूळ विनंती. वरचा सगळा मजकूर त्यासाठीच लिहिला.

ता. क. दुसरे. पुढच्या महिन्यात अकोल्याला जिल्ह्याचे प्रदर्शन आहे आणि पहिल्या नंबरवाल्याने मोठ्या साहेबांपुढे चार शब्द बोलायचे आहेत. तरी तुम्ही ते चार शब्द चांगल्या शुद्ध भाषेत लिहून, श्वास कुठे घ्यायचा तिथे रेघ मारून, लवकर पाठवावे. आणि एखादा हलक्या कापडाचा कोट असल्यास तोही.

ता. क. तिसरे. वरचे वाचून दाखवल्यावर धुरपताबाई म्हणाली की आता तिचे लिहा. ती सांगते तसे लिहितो. एक अक्षर बदलले तर आज भाकर नाही.

भाऊ, यायनं लिवलं थे काई आयकू नको. भाषनगिषन धाडू नको, कोट तं धाडूच नको. पाखऱ्या कोटाच्या वासानं भुलला का बोलन्यानं, थे मले नाई माईत. पन एक गोठ आयक. मांगच्या संक्रांतीले तू मले म्हनला होता, 'तुले काई कमी हाय काय व बाई', तवा मले रडू आलं होतं. अवंदा तू म्हनला, 'तुला काही कमी आहे का'. काईच कमी नाई भाऊ. पन रडू आलं नाई. पोयाच्या सनाले ये. पाखऱ्या तुहा वास घेईन. त्यानं ओयखलं तं पुरनाची पोयी खाय. नाई ओयखलं तं जसा लहानपनी गवरीच्या पोटाले टेकून निजत होता, तसा गोठ्यात नीज त्याच्यापाशी. सकायलोक ओयखते तो.